रेट्रो गेम कन्सोलमध्ये जादा साठवण: जागेचा प्रश्न आणि वाटेचा प्रश्न

नोव्हेंबर २०१६मध्ये निंटेंडो कंपनीने ‘एनईएस क्लासिक एडिशन’ हा छोटा गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, बाजारात आणला. बाहेरून तो १९८५ सालच्या मूळ एनईएस (निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टीम) कन्सोलची तळहातावर मावणारी प्रतिकृती आहे. त्याचे झाकण उघडत नाही, त्यात कॅसेट घालता येत नाही आणि आत ३० खेळ आधीच भरून ठेवलेले असतात. २०१७मध्ये २१ खेळांचा एसएनईएस (सुपर एनईएस) क्लासिक आला, २०१८च्या डिसेंबरमध्ये सोनीचा २० खेळांचा प्लेस्टेशन क्लासिक आला, आणि जुन्या यंत्राचे रूप घेऊन नव्या इलेक्ट्रॉनिक भागांवर चालणाऱ्या अशा पेट्यांचा एक वर्गच तयार झाला.

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना मूळ निंटेंडो क्वचितच पाहायला मिळाला. घरी असायचे ते ‘समुराई’ किंवा ‘मीडिया’ या नावांचे, फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपाच्या, रचनेवर बेतलेले व्हिडिओ गेम, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने आणलेल्या कॅसेटी. ही पिढी आता चाळिशीत पोहोचली आहे, आणि तिच्यापैकी एखाद्याच्या टीव्हीखाली असा नवा-जुना कन्सोल आला की थोड्याच दिवसांत एक प्रश्न निघतो: यात आणखी खेळ घालता येतील का, आणि त्यासाठी जागा कशी वाढवायची? राजवाड्यापासून जवळच असलेल्या जेल रोडच्या बाजारात पेनड्राइव्ह, तो छोट्या यूएसबी सॉकेटला जोडणारा ओटीजी अडॅप्टर आणि एका सॉकेटची अनेक करणारा हब सहज मिळतात, त्यामुळे उत्तर सोपे वाटते. प्रत्यक्षात गेम कन्सोलच्या इतिहासात जागा ही बहुतेक वेळा दुय्यम अडचण ठरली आहे. खरी अडचण असते ती प्रोसेसरला त्या जागेपर्यंत पोहोचवणाऱ्या वाटेची, आणि १९८३च्या फॅमिकॉमपासून आजच्या पेनड्राइव्हपर्यंत तिचे स्वरूप फारसे पालटलेले नाही.

आधी हिशेब पाहू. एनईएस क्लासिकमध्ये ५१२ एमबीची फ्लॅश चिप, २५६ एमबी रॅम आणि ऑलविनर आर१६ हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ केवळ ४० केबीचा होता, तर १९९३चा ‘कर्बीज ॲडव्हेंचर’ ७६८ केबीचा, म्हणजे त्या यंत्राच्या मानाने अगदी अवाढव्य. सगळे ३० खेळ कर्बीएवढे मोठे धरले तरी बेरीज २२.५ एमबीच होते. उरलेल्या चिपमध्ये लिनक्सवर चालणारी प्रणाली, मेनूतील चित्रे आणि प्रत्येक खेळात चार ठिकाणी थांबून तेथूनच पुढे खेळण्याची सोय देणाऱ्या नोंदी असतात, आणि तरीही बरीच जागा रिकामी राहते. त्यामुळे ज्याला केवळ एनईएसच्या काळातील खेळ हवे आहेत, त्याने जादा साठवणीवर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. कमाल ६ एमबीपर्यंत जाणारे एसएनईएसचे खेळही या चिपमध्ये मोठ्या संख्येने मावतात. जागा खरोखर अपुरी पडते ती सीडीवरच्या खेळांना, कारण एका सीडीची क्षमता सुमारे ६५० एमबी असते आणि अशी एकच सीडी या संपूर्ण चिपपेक्षा मोठी ठरते.

मुळात हे खेळ इतके लहान का होते, याचे एक कारण कॅसेटमधील रॉम चिपची, म्हणजे खेळ कायमचा कोरलेल्या चिपची, किंमत हे होते. दुसरे कारण मात्र अधिक मूलभूत होते. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला माहितीच्या प्रत्येक बाइटचा पत्ता सांगण्यासाठी १६ तारा होत्या. १६ तारांवर शून्य आणि एक यांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या जुळण्या होतात, म्हणून तो प्रोसेसर ६४ केबीपलीकडचे काहीही ओळखू शकत नसे, आणि त्या ६४ केबीमधून खेळाच्या मुख्य प्रोग्रामसाठी वरचा अर्धा भाग, म्हणजे ३२ केबी, राखून ठेवलेला होता. कॅसेटमध्ये कितीही मोठी चिप बसवली तरी ३२ केबीनंतरचा मजकूर प्रोसेसरच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा कन्सोलमध्ये नव्हे तर कॅसेटमध्ये बसवलेला होता. कॅसेटच्या पट्टीवर ‘मॅपर’ नावाचे एक छोटे सर्किट असे. प्रोसेसरने ठरावीक पत्त्यावर एखादी संख्या लिहिली की मॅपर मोठ्या चिपचा त्या क्रमांकाचा तुकडा त्याच जुन्या पत्त्यांवर आणून ठेवत असे. पोथी वाचणाऱ्यासमोर सुट्या पानांपैकी एका वेळी एकच पान असते आणि ते उलटून बाजूला ठेवले की त्याच जागी पुढचे येते, तसाच हा प्रकार होता. वाचणाऱ्याची नजर हलत नाही, पाने हलतात. या युक्तीमुळे ३२ केबीच्या वाटेवरून ५१२ केबीचा प्रोग्रामही चालू शकला. वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे मॅपर बनवले, आणि म्हणूनच आजही अशा खेळाची फाइल इम्युलेटरला, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, देताना तिच्या सुरुवातीला १६ बाइटांची एक नोंद जोडलेली असते, जिच्यात या खेळाचा मॅपर कोणता हे लिहिलेले असते. ही नोंद चुकीची असेल तर खेळाचा बाकीचा सर्व मजकूर शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चौकोन दिसतात किंवा काहीच दिसत नाही.

बाहेरून साठवण जोडण्याचा प्रयोगही नवा नाही. फेब्रुवारी १९८६मध्ये निंटेंडोने जपानमध्ये फॅमिकॉमसाठी डिस्क सिस्टीम आणली. तिच्या लवचिक चुंबकीय चकतीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ११२ केबी मजकूर राही, चकती रॉम चिपपेक्षा स्वस्त पडे, आणि दुकानातील यंत्रावर थोडे पैसे देऊन तीच चकती पुसून तिच्यावर नवा खेळ भरून घेता येत असे. शिवाय तिच्यावर लिहिताही येत असल्याने खेळाडूची प्रगती जपून ठेवता येई. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ प्रथम याच चकतीवर आला. तोच खेळ १९८७मध्ये अमेरिकेत कॅसेटमध्ये गेला तेव्हा प्रगती जपण्यासाठी कॅसेटमध्ये एक बॅटरी बसवावी लागली. रॉम चिपच्या किमती झपाट्याने उतरल्या, मॅपर प्रगत झाले आणि चकतीचा फायदा काही वर्षांतच संपला.

आजच्या पेट्यांत रॉमची जागा नँड फ्लॅशने घेतली आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७मध्ये मांडलेल्या या रचनेत माहितीच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात, म्हणजे पेशीत, चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले एक ‘तरंगते गेट’ असते. जास्त व्होल्टेज दिल्यावर इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने त्या थरातून आत शिरतात आणि वीज बंद झाल्यावरही तेथे अडकून राहतात. पुसताना त्यांना उलट दिशेने बाहेर काढले जाते, मात्र एकेक पेशी स्वतंत्रपणे पुसता येत नाही; हजारो पेशींचा संपूर्ण गठ्ठा एकदम पुसावा लागतो, आणि दर वेळी तो विद्युतरोधक थर थोडा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या चिपा सुमारे एक लाख वेळा पुसणे सहन करतात, तर स्वस्त पेनड्राइव्हमधील तीन बिटांच्या पेशी हजार ते काही हजार वेळाच. वाचल्याने ही झीज जवळपास होत नाही. खेळ एकदा भरला की तो प्रामुख्याने वाचलाच जातो, म्हणून झीज ही कन्सोलच्या मालकाची मोठी काळजी नाही.

आता वाटेकडे परत येऊ. एनईएस क्लासिकला मागे एकच मायक्रो यूएसबी सॉकेट आहे आणि त्यातूनच त्याला वीज मिळते. पेनड्राइव्ह लावायचा तर याच सॉकेटमधून वीज आत यायला हवी, माहितीची ये-जा व्हायला हवी आणि कन्सोलने स्वतः यजमानाची भूमिका घ्यायला हवी. यूएसबी जोडणीत एक उपकरण यजमान असते व दुसरे त्याच्या आज्ञेत राहते. मायक्रो सॉकेटमधील ‘आयडी’ नावाची जादा पिन जमिनीला (ग्राउंडला) जोडलेली आढळली की ‘आपण यजमान आहोत’ असे उपकरणाला समजते. ओटीजी अडॅप्टर हेच काम करतो. मात्र साध्या ओटीजी जोडणीत यजमानाने समोरच्या उपकरणाला वीज पुरवावी अशी अपेक्षा असते, आणि येथे तर यजमानच विजेसाठी त्याच सॉकेटवर अवलंबून आहे. म्हणून चार्जर जोडण्याची वेगळी सोय असलेला ओटीजी अडॅप्टर किंवा हब घ्यावा लागतो, जो चार्जरची ५ व्होल्ट वीज कन्सोल आणि पेनड्राइव्ह या दोघांनाही देतो. फोनसोबत सर्रास मिळणारा साधा ओटीजी तुकडा येथे उपयोगाचा नाही. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क लावण्याचा मोहही टाळलेला बरा, कारण यूएसबी २.०च्या नियमानुसार एका सॉकेटमधून ५०० मिलिअँपिअर करंट अपेक्षित असतो आणि तबकडी फिरू लागताना त्याहून अधिक लागू शकतो.

जोडणी झाली तरी मूळ प्रणालीला असा ड्राइव्ह शोधून वापरण्याचे काम दिलेलेच नसते. त्यासाठी हौशी प्रोग्रामरांनी २०१७च्या सुरुवातीस ‘हाकची’ हे साधन तयार केले. कन्सोल संगणकाला जोडून रीसेटचे बटण दाबून ठेवत चालू केला की आर१६ प्रोसेसर फ्लॅशकडे न वळता ‘एफईएल’ नावाच्या अवस्थेत जातो आणि यूएसबीवरून येणाऱ्या आज्ञा ऐकू लागतो. हा प्राथमिक प्रोग्राम प्रोसेसरच्याच आत कारखान्यात कोरलेल्या रॉममध्ये असतो आणि तो कोणालाही पुसता येत नाही. त्यामुळे फ्लॅशमधील प्रणाली बिघडली तरी यंत्र सहसा परत उठवता येते. तरीही मूळ प्रणालीची प्रत संगणकावर उतरवून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण उठवल्यावर त्यात भरायला तीच प्रत लागते.

प्लेस्टेशन क्लासिकची तऱ्हा वेगळी आहे. त्यात १६ जीबीची साठवण आहे, पण सीडीवरचे २० खेळ तिचा मोठा भाग व्यापतात. समोर कंट्रोलरसाठी नेहमीची दोन यूएसबी सॉकेट असल्याने दुसऱ्या खेळाडूच्या जागी पेनड्राइव्ह लावून हौशींनी बनवलेली सुधारित प्रणाली सुरू करता येते. तेथेही अडचण विजेचीच येते: या सॉकेटमधून मर्यादित करंट मिळतो, म्हणून काही पेनड्राइव्ह निमूटपणे चालतात आणि काही ओळखलेच जात नाहीत. वेगाची चिंता मात्र करू नये. मूळ प्लेस्टेशनचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३०० केबी वाचत असे. आजचा अगदी साधा पेनड्राइव्हही त्याहून कित्येक पटींनी वेगवान असतो, म्हणून महागड्या पेनड्राइव्हचे पैसे येथे वाया जातात. तसेच साठवण वाढल्याने प्रोसेसरची ताकद वाढत नाही. जो खेळ अडखळत चालतो, तो ५१२ एमबीच्या चिपवरून जसा अडखळेल तसाच १२८ जीबीच्या ड्राइव्हवरूनही अडखळेल.

ड्राइव्ह फॉरमॅट करताना फॅट३२ ही पद्धत बहुतेक यंत्रांना समजते. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही, पण या काळातील एकही खेळ तेवढा मोठा नाही. जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटली जात असल्याने १६ केबीचे तुकडे असलेल्या ड्राइव्हवर ४० केबीचा मारिओ तीन तुकडे, म्हणजे ४८ केबी, अडवतो. हजारो लहान फायली असल्या की हा फरक जाणवतो. अधिक महत्त्वाचे म्हणजे फॅट३२ कोणत्याही बदलाची आगाऊ नोंद ठेवत नाही. खेळाची प्रगती लिहिली जात असतानाच लाइट गेली तर फायलींची यादीच बिघडू शकते. लिनक्सची एक्सटी४ पद्धत अशी नोंद ठेवते, आणि सुधारित प्रणाली ती स्वीकारत असेल तर आपल्याकडे तीच निवडावी, असे माझे मत आहे.

नव्वदच्या दशकातील ‘९९९९ इन वन’ कॅसेट अनेकांना आठवत असेल. तिच्या यादीत हजारो नावे असत, पण मोजके खेळच फिरूनफिरून येत. बनावट पेनड्राइव्हची फसवणूक याच जातीची आहे: आतील नियंत्रक चिपला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते, ८ जीबीची चिप संगणकाला १२८ जीबी म्हणून दिसते, आणि खरी जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा नाहीसा होतो. दुकानातून घ्या वा ऑनलाइन, ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या मोफत साधनांनी ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. ३२ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर २९.८ जीबी दिसला तर मात्र ती फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४च्या.

त्यात कोणते खेळ भरायचे, याला कायद्याची चौकट आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला आपल्याच प्रतीवरून सुरक्षेसाठी दुसरी प्रत करण्याची मुभा देते. कुठूनतरी उतरवलेल्या फायलीला ही मुभा लागू होत नाही. याशिवाय आजही हौशी मंडळी एनईएससाठी नवे खेळ लिहितात आणि त्यांपैकी काही मोफत देतात.

फ्लॅशमधील इलेक्ट्रॉन कायम अडकून राहत नाहीत. ते हळूहळू गळतात आणि उष्णतेत गळतीचा वेग वाढतो. फ्लॅश चिपांवर चालणाऱ्या घरगुती वापराच्या एसएसडी ड्राइव्हसाठी जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेला निकष असा की, लिहिण्याची मर्यादा गाठलेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी. साध्या पेनड्राइव्हकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपलीकडे जातो. नवा पेनड्राइव्ह एका उन्हाळ्यात रिकामा होणार नाही. पण खेळ पुन्हा भरता येतात, मुलांनी सुट्टीभर खेळून मिळवलेली प्रगती मात्र एकाच ठिकाणी असते. म्हणून ते फोल्डर अधूनमधून संगणकावर उतरवून ठेवावे, आणि त्यासाठी ड्राइव्ह काढताना कन्सोल आधी बटणाने बंद करावा.