भुताचा पिक्चर घरात कसा आला

शनिवारी रात्री घरी बघायला एखादा भुताचा पिक्चर सुचवा म्हटलं की पटापट दहा नावं पुढे येतात आणि त्यातली निम्मी टीव्हीवर फुसकी निघतात. दर वेळी दोष पिक्चरचाच असतो असं नाही. आपले हिंदी-मराठी भयपट आणि रहस्यपट मुळात थिएटरच्या अंधारासाठी बनले. नंतर ते कॅसेटवर आले, मग केबलवर, सीडीवर आणि आता ओटीटीवर. प्रत्येक मुक्कामात त्यांचं काहीतरी गळून पडलं. सगळ्यात आधी नासतो तो चित्रातला अंधार. आवाज मात्र बराच तग धरतो. म्हणून ज्यांनी भीती आवाजावर आणि ताटकळत ठेवण्यावर उभी केली, ते पिक्चर आजही दिवाणखान्यात चालतात. नुसता राक्षस दाखवून घाबरवणारे चालत नाहीत, किंवा चाललेच तर हसायला चालतात.

सुरुवात १९४९ च्या 'महल'पासून करावी लागते. बॉम्बे टॉकीजचा हा पिक्चर कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केला, कॅमेरा योझेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा. ओसाड हवेली, झोपाळा, दुरून ऐकू येणारं गाणं, दिसून नाहीशी होणारी बाई हा सगळा ऐवज हिंदी पडद्यावर पक्का झाला तो इथे. पुढची वीस वर्षं बाकीच्यांनी त्यावरच संसार केला. यातलं 'आएगा आनेवाला' नीट ऐकण्यासारखं आहे. गाणारी लांबून जवळ येते आहे असं वाटावं म्हणून लता मंगेशकरांना माइकपासून दूर उभं केलं होतं आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत त्या हळूहळू माइककडे चालत आल्या. आज हे काम मिक्सिंगमध्ये एका खटक्यात होतं, तेव्हा ते पायांनी केलं. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर हे अंतर सपाट होऊन जातं, साध्या हेडफोनवर मात्र स्पष्ट कळतं. 'महल' घरी बघायचा तर हेडफोन लावून बघावा.

जुन्या पिक्चरांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. डीव्हीडीवरचा पिक्चर नोंदीतल्या वेळेपेक्षा पाच-सहा मिनिटांनी लहान निघतो आणि लोक म्हणतात, कापला. सेन्सॉरच्या जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते, त्याहून जुन्यांवर फुटांत. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते, म्हणजे ४,००० मीटरचा पिक्चर १४६ मिनिटांचा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते, तर आपली जुनी पाल टीव्ही पद्धत २५. पुष्कळ कॅसेट आणि डीव्हीडी बनवताना २४ च्या जागी सरळ २५ ने चालवून मोकळे झाले. तेच १४६ मिनिटं मग १४० मध्ये संपतात, एकही दृश्य न कापता. शिवाय स्वर चांगला पाऊण अर्धस्वर (हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) वर चढतो. संथ, खोल आवाजावर उभ्या असलेल्या गाण्याला हे मारक ठरतं. निवड असेल तर मूळ वेगाची प्रत घ्यावी. फरक चार टक्क्यांहून जास्त निघाला तरच कात्रीचा संशय धरावा.

साठचं दशक या प्रकाराचं सुगीचं. 'बीस साल बाद' (१९६२), 'कोहरा' आणि 'वो कौन थी' (दोन्ही १९६४), राजा नवाथे यांचा 'गुमनाम' (१९६५). पांढरी साडी, धुकं आणि एक तरी असं गाणं, जे पुढे पिक्चरपेक्षा जास्त जगलं. या पठडीत भुताच्या मागे बहुधा माणूस निघतो आणि त्याला इस्टेट हवी असते. हे ठाऊक असूनही ते बघवतात, कारण रहस्य गाण्यांतून पेरलेलं असतं. 'वो कौन थी'तली गाणी पुढे पळवली तर कथेचा अर्धा ताण गेलाच म्हणून समजा.

मराठी वाचकाने 'मेरा साया' (१९६६) एकटा बघू नये. तो राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) वरून घेतला, आणि 'पाठलाग' जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. मेलेली म्हणून जिला निरोप दिला तीच बाई कोर्टात उभी राहून 'मी यांची बायको' म्हणते, एवढ्या एका ठिणगीवर दोन्ही पिक्चर चालतात. आधी मराठी, मग हिंदी असा क्रम ठेवावा. रहस्य एकदाच फुटणार, तर ते काटकसरीने सांगितलेल्या मूळ पिक्चरमध्ये फुटू द्यावं. हिंदीत साधना आणि मदनमोहन यांच्यासाठी बसावं.

गाणीच काढून टाकायचं धाडस बी. आर. चोप्रांनी 'कानून'मध्ये (१९६०) केलं. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) त्यापुढे गेला: एक घर, एक रात्र, पळून आलेला माणूस आणि घरातली बाई. तो 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून आला आणि ते दिसतं, पण इथे ती जमेची बाजू आहे. नाटकाची चौकट छोट्या पडद्याला बरोबर बसते, आणि जेमतेम पावणेदोन तासांत सगळं आटोपतं. कामाच्या दिवशी रात्री दहाला सुरू करायचा असेल तर याच्यासारखा दुसरा नाही.

सत्तरच्या दशकातला मराठीतला मोठा टप्पा म्हणजे 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). वसंत जोगळेकरांचा हा पिक्चर लोकांना 'गोमू संगतीनं'मुळे आठवतो, पण त्याचा गाभा आहे तो भुताच्या गोष्टीचा धसका घेतलेल्या मुलीचा. भूत बाहेर आहे की डोक्यात, हा प्रश्न त्याने बऱ्याच आधी विचारला. त्याला जोड म्हणून विकास देसाई-अरुणाराजे यांचा हिंदी 'गहराई' (१९८०) घ्यावा. लेखनात विजय तेंडुलकर, पडद्यावर श्रीराम लागू आणि पद्मिनी कोल्हापुरे. गावाकडची जमीन विकलेल्या घरावर आलेलं हे अरिष्ट आहे. त्यात मांत्रिक आणि डॉक्टर दोघंही येतात आणि कोणाचं बरोबर हे पिक्चर चटकन सांगत नाही. आपल्याकडे या पिक्चरचं नाव पुरेसं घेतलं जात नाही.

तोवर रामसे बंधूंचं दुकान सुरू झालं होतं. त्यांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या पिक्चरला फारसे लोक आले नाहीत, पण जे आले ते मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांच्या चोरीच्या प्रसंगाला थिएटरात घाबरले. भावांनी ते हेरलं आणि सगळा पिक्चर तसाच करायचं ठरवलं. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला, अगदी थोडक्या पैशांत झाला. सात भाऊ, कामं वाटलेली: कोणी कॅमेऱ्यामागे, कोणी आवाजावर, कोणी लेखनाला, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) ही त्यांची गाजलेली नावं. लाल-हिरवे दिवे, धूर आणि अनिरुद्ध अग्रवाल यांचा उंचपुरा राक्षस 'सामरी' हा माल मोठ्या पडद्यासाठी होता, पण लोकांनी तो पाहिला मुख्यतः टीव्हीवर.

कारण १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या पाठोपाठ व्हीसीआर. गल्लीत व्हिडिओ लायब्ररी निघाली. शनिवारी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभरात तीन पिक्चर संपवायचे, हा प्रकार वाड्यावाड्यांत चालला. बेकायदा कॅसेटी इतक्या वाढल्या की १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून त्यात व्हिडिओ आणावा लागला. भयपटाचं सर्वांत जास्त नुकसान याच काळात झालं. व्हीएचएस, म्हणजे त्या काळच्या व्हिडिओ कॅसेटचं, चित्र साधारण २४० रेषांचं. त्यात हाती येणारी कॅसेट बहुधा प्रतीची प्रत, आणि प्रत्येक प्रतीला काळ्या भागात खरखर वाढते. व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडवर धूळ बसली की पडद्याच्या खालच्या अंगाला पांढरे पट्टे आणि मग चित्र जागेवर आणणाऱ्या ट्रॅकिंगच्या बटणाशी झटापट. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं, चित्र चौकोनी टीव्हीत कोंबताना दोन्ही कडा कापल्या जात, रुंदीतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. भयपटात महत्त्वाचं ते नेमकं कडेला उभं असतं. 'रामसेंचा पिक्चर म्हणजे विनोद' हे मत बनवणाऱ्या पुष्कळांनी तो या अवस्थेत पाहिला होता. आता स्वच्छ, पूर्ण रुंदीची प्रत मिळाली तर एकदा न्याय करून बघावा. अभिनय तेव्हाही बेताचा होता आणि आताही तेवढाच वाटेल, पण प्रकाशयोजना नाही.

१९९३ मध्ये रामसे स्वतःच 'झी हॉरर शो' घेऊन टीव्हीवर उतरले, १९९५ मध्ये सोनीवर 'आहट' आली. त्याच १९९३ सालचा महेश कोठारेंचा 'झपाटलेला', रामदास पाध्येंच्या बाहुल्यासकट, घराघरांत केबलने नेला. तात्या विंचूला घाबरलेली एक पिढी आज आपल्या मुलांना तो दाखवते. भीतीला विनोदाची जोड असल्याने पहिलावहिला भुताचा पिक्चर म्हणून तो आजही सोयीचा. व्हीसीडीचं, म्हणजे सीडीवर आलेल्या पिक्चरचं, मात्र फार कौतुक नको. ३५२ × २८८ चं चित्र आणि एका तबकडीत जेमतेम ७४-८० मिनिटं, त्यामुळे दार उघडायच्या क्षणी तबकडी संपायची.

भीती हवेलीतून फ्लॅटमध्ये आणली राम गोपाल वर्मांनी. 'रात' (१९९२) मध्ये साधं मध्यमवर्गीय घर आहे. 'कौन' (१९९९) मध्ये पाऊस, एक बंगला, तीन पात्रं, गाणं नाही. 'भूत' (२००३) मध्ये मुंबईतली उंच इमारत आणि तिची लिफ्ट. तिन्हींत घाबरवणाऱ्या वस्तू म्हणजे बेल, फोन, नळ. आपल्याही घरात हेच आवाज असतात, म्हणून हे पिक्चर थिएटरपेक्षा घरी जास्त लागतात. एकच सुचवायचा झाला तर 'कौन' सुचवावा, पण बेल असलेल्या फ्लॅटमध्ये एकट्याने बघू नये.

त्यानंतरचे दोन पिक्चर मराठी मातीतले. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची (२०१८) मुळं नारायण धारपांच्या गूढकथेत आहेत, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं. खऱ्या पावसात, कित्येक पावसाळे थांबून त्याचं चित्रीकरण झालं. छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनी या तिन्हींसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो थिएटरात परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. घरी बघायला मात्र तो अवघड. कंदिलाच्या उजेडातली दृश्यं नेट मंद झालं की चौकटी-चौकटींची होतात, कारण प्रसारणात बचत करताना अंधाऱ्या भागातला तपशील आधी टाकला जातो. त्याच्या उलट विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७). त्यातली भीती भर उन्हात, उसाच्या फडात आहे. साध्या टीव्हीवर, साध्या नेटवरही तो बिघडत नाही. हिंदी 'छोरी' (२०२१) त्याचाच नवा अवतार, पण मूळ मराठीच आधी पाहावा.

आता टीव्हीकडे. नव्या संचात हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालू असते, तिने पिक्चर मालिकेसारखा दिसतो. ती बंद करावी आणि चित्राचा 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावावा. मग एखाद्या अंधाऱ्या दृश्यावर थांबून ब्राइटनेस हळूहळू वाढवावा. काळा कोट काळ्या भिंतीपासून जेमतेम वेगळा दिसला की हात काढावा, त्यापुढे गेलं की काळं राखाडी होतं. खोलीतला ट्यूबलाइट बंद, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा चालतो. 'महल'सारखं जुनं चौकोनी चित्र पडदाभर ताणू नये. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणं हेच बरोबर.

आवाज साध्या संवादावर बेतून घ्यावा आणि मग रिमोट बाजूला ठेवावा. 'नाइट मोड' हळू आवाज मोठा करतो आणि मोठा आवाज दाबतो, म्हणजे शांतता आणि दचका दोन्ही मारतो. शेजाऱ्यांची काळजी असेल तर हेडफोन बरे. सबटायटलच्या यादीत 'सीसी' (संवादांबरोबर आवाजही लिहून दाखवणारा) पर्याय घेऊ नये. दार करकरायच्या आधीच 'दार करकरते' असं खाली उमटतं. प्रवासात किंवा डेटा कमी असेल तर पिक्चर आधी वरच्या दर्जात डाउनलोड करून ठेवावा.

घरात मुलं असतील तर सेन्सॉरची वर्गवारी बघावी: यू (सर्वांसाठी), यूए ७+, १३+, १६+ (त्या वयाखालच्यांसाठी पालकांनी ठरवायचं) आणि ए (फक्त प्रौढांसाठी). ए प्रमाणपत्राचा पिक्चर टीव्ही वाहिनीवर तसाच लावता येत नाही, कापून नवं यूए घ्यावं लागतं. म्हणून वाहिनीवर सौम्य वाटलेला पिक्चर ओटीटीवर पूर्ण स्वरूपात असू शकतो. मुलांच्या प्रोफाइलला पिन घालणं दोन मिनिटांचं काम आहे, ते पिक्चर लावायच्या आधी करावं.