फोन करण्याआधी ताप मोजा : गाई-म्हशी पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सकाळी आमचं जनावरांच्या औषधांचं दुकान उघडलं की पहिला फोन ठरलेला असतो. "गाय खात नाही, काहीतरी द्या." आम्ही विचारतो, ताप किती? उत्तर येतं, "अंग गरम लागतंय."

कानाला हात लावून ताप कळत नाही. थंडीत कान तसेही गार असतात आणि पत्र्याच्या गोठ्यात दुपारी सगळंच अंग तापतं. आकडा नसला की डॉक्टरही फोनवर काही सांगू शकत नाहीत, आणि त्यात अर्धा दिवस जातो.

मोजायला दोन मिनिटं लागतात. थर्मामीटरच्या मागच्या टोकाला दोरा बांधा, पुढच्या टोकाला तेल लावा आणि शेपटी बाजूला धरून गुदद्वारात सरकवा. मग ते जरा तिरकं करून आतल्या कडेला टेकवा. शेणात रुतलं तर आकडा चुकतो. सकाळी, जनावर उन्हात जाण्याआधी मोजा. गाईचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हशीचं थोडं कमी. आपल्या जनावराचा धडधाकट असतानाचा आकडा गोठ्यातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आकडा का मागतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. एक जुने ग्राहक तापाचं इंजेक्शन मागायला आले. गाय व्यायलेली दुसरा दिवस, बसली ती उठत नव्हती. आम्ही थर्मामीटर देऊन त्यांना परत पाठवलं, तेव्हा ते नाराज झाले. तासाभराने फोन आला : 98. कान बर्फासारखे, मान वळवून पोटावर टाकलेली. तो ताप नव्हताच, रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं. नावात ताप असला तरी दुग्धज्वरात अंग गार पडतं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं आणि संध्याकाळी गाय उभी राहिली. अशा जनावराला तेलाचा, गुळपाण्याचा ढोस कधीही पाजू नका. त्याला नीट गिळता येत नसतं, ढोस फुफ्फुसात जातो आणि वाचणारं जनावर हातचं जातं.

ताप चढण्याआधीही जनावर खुणा दाखवतं. नाकावरचं दंव सुकतं. इतर गाई रवंथ करत असताना एकटीच गप्प उभी राहते. व्यायल्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात कडबा खाते पण खुराक सोडते, तेव्हा कितनबाधेची (रक्तातली साखर उतरून होणाऱ्या आजाराची) शंका घ्या. 104 च्या वर ताप, मांडीपुढच्या गाठी सुजलेल्या आणि अंगावर गोचीड दिसली, तर गोचीडताप असू शकतो. गळ्याला सूज आणि घरघर म्हणजे घटसर्प असू शकतो. त्यात तासांचा हिशेब असतो, म्हणून लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. रोज पहिल्या दोन धारा काळ्या ताटलीत काढून पाहा. गुठळी दिसली की दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात झाली समजा. कास दगडासारखी होईपर्यंत थांबलात तर ते सड बहुतेक वेळा जातं.

आता आमच्यावरच्या रागाबद्दल. "दुसरीकडे मिळतं, तुम्हीच चिठ्ठी मागता." होय, अँटिबायोटिक आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि डॉक्टर येण्याआधी ताप उतरवायचं इंजेक्शनही देत नाही. ताप उतरला की खूण पुसली जाते, आजार मात्र आत चालूच राहतो. डायक्लोफेनॅक हे ताप-वेदनेवरचं औषध तर जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. ते टोचलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं संपत आली. अँटिबायोटिक चालू असताना, आणि नंतर बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत, ते दूध डेअरीला घालू नका.

डिजिटल थर्मामीटर आमच्याकडे दोरा बांधून मिळतं, आणि कसं लावायचं ते काउंटरवरच दाखवतो. दगडी तपासायचं द्रावण, खनिज मिश्रण आणि गोचिडीची औषधंही आहेत. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत काय चारावं हे आधीच विचारायला या. त्याचे पैसे नाहीत, आणि व्यायल्यानंतरचा बराच खर्च तिथेच वाचतो.

फोन करताना पाच गोष्टी सांगा : ताप किती, व्यायला किती दिवस झाले, रवंथ करते का, शेण कसं आहे, दूध किती घटलं. जनावर आडवं पडलं असेल, पोट फुगलं असेल किंवा श्वासाची घरघर असेल, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. आधी डॉक्टरांना बोलवा किंवा सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 लावा. चिठ्ठी मिळाली की औषध काढून ठेवायला आम्ही आहोत.