तयार मॉडेल डब्यांतील फेरफार : एका कारागिरीची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेच्या छंदात इंजिनाचे कौतुक अधिक होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु प्रवासी गाडीची बहुतेक लांबी डब्यांनी व्यापलेली असते आणि गाडी खरी वाटते की खेळण्यातली, हे बव्हंशी डबेच ठरवतात. बाजारातून आणलेला तयार डबा उघडून त्याच्या खिडक्या बदलणे, आतली आसने रंगवणे, टपावर झरोके बसवणे, प्रसंगी करवतीने कापून त्याची लांबी वाढवणे, या कामांना आज छंदाची एक स्वतंत्र शाखा म्हणून मान आहे. या शाखेचा इतिहास चाळताना एक सूत्र ठळकपणे दिसते : कारखान्याने जे सोडून दिले, ते हौशी माणसाने हाती घेतले. कारखान्याने ते सोडण्यामागे निष्काळजीपणा क्वचितच होता. वळणाची त्रिज्या, साच्याचा खर्च आणि मुलांच्या हाताळणीत माल टिकण्याची गरज, अशी ती ठोस कारणे होती.

आरंभीचे डबे पत्र्याचे होते. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह चालणारी चावीची आगगाडी मांडली आणि गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे, ठरावीक आकार रूढ करण्याची सुरुवात तेथून झाली. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये नॉर्दम्प्टनला बॅसेट-लोक ही कंपनी उभी राहिली, तर मेकॅनो या जोडणी-खेळण्याचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यातून १९२० पासून ओ गेज या मोठ्या आकाराच्या गाड्या येऊ लागल्या. या काळातील पुष्कळशा डब्यांवर दरवाजे, कड्या, फळ्यांच्या सांधेपट्ट्या, कधी तर खिडक्या आणि त्यांतले प्रवासीसुद्धा सपाट पत्र्यावर छापलेले असत. छपाई सुंदर होती, पण छापलेली कडी खरवडून तिथे तारेची कडी लावायची म्हटले की भोवतालचा सगळा रंग उखडत असे. त्यामुळे फेरफाराला फारसा वाव नव्हता. ज्यांना हुबेहूब डबा हवा असे ते तो लाकूड, पुठ्ठा आणि पत्रा घेऊन मुळापासून बांधत, किंवा ब्रॅडफर्डच्या एक्सलीसारख्या कारखान्याकडून हाताने घडवलेला डबा विकत घेत, आणि तो अर्थातच सर्वांच्या आवाक्यातला नसे.

पुढचा बदल आकाराचा होता. न्युरेम्बर्गच्या बिंग कंपनीने १९२२ मध्ये टेबलावर मावणारी लहान रेल्वे आणली, १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी त्याच सुमाराच्या आकारात विजेवर चालणाऱ्या गाड्या काढल्या आणि १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो आली. युरोप-अमेरिकेत १:८७ हे प्रमाण आणि १६.५ मिमी गेज, म्हणजेच एचओ, स्थिरावले. ब्रिटनमधील खऱ्या गाड्याच अंगाने लहान असल्यामुळे त्या प्रमाणात तेव्हाची मोटर इंजिनात मावेना. म्हणून तेथे रूळ तेच ठेवून गाडीचे अंग मात्र फुटाला ४ मिमी, म्हणजे सुमारे १:७६ या मोठ्या प्रमाणात केले गेले. खऱ्या गेजचे रूपांतर या प्रमाणात १८.८३ मिमी होते. म्हणजे डब्याखालची चाके दोन मिलीमीटरहून अधिक आत ओढलेली राहिली आणि समोरून पाहिले की ही अरुंद चाल लगेच डोळ्यांत भरते. ही तडजोड ज्यांना मान्य नव्हती त्यांनी चाके आणि आस बदलून रुंद गेज स्वीकारले. अशा रुंद गेजवाल्यांची ईएम गेज सोसायटी १९५५ मध्ये स्थापन झाली आणि १८.८३ मिमीची काटेकोर प्रोटोफोर मानके १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. बाकी डबा कारखान्याचा आणि चाके स्वतः बसवलेली, ही पद्धत त्या मंडळींमध्ये चांगलीच रुजली.

फेरफाराला खरी गती दिली ती प्लास्टिकने. १९५० च्या नाताळासाठी रोव्हेक्स कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सर दुकानांकरिता एक प्लास्टिकचा रेल्वेसंच तयार केला. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी घेतली आणि त्यातून ट्राय-अँग रेल्वे उभी राहिली. सुरुवातीचे सेल्युलोज ॲसिटेट काही वर्षांत वाकडे होई, पण त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली आणि चित्र पालटले. पॉलिस्टायरीन धारदार पात्याने कापता येते, कानशीने घासता येते आणि त्याचे दोन तुकडे द्रावकाच्या एका फटकाऱ्याने एकजीव होतात. पत्र्याच्या डब्याला डाख देऊन जोडण्यासाठी जे कसब लागे, ते आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काम करणाऱ्यालाही अनावश्यक ठरले. दोन्ही जगांना जोडणारे डबेही याच काळात झाले : हॉर्नबी डब्लोने १९६० च्या सुमारास पत्र्याच्या छापील भिंती आणि प्लास्टिकचा टप असलेले डबे काढले, आणि त्या भिंतींवरील छपाईची बारकाई आजही थक्क करते.

या प्लास्टिकच्या डब्यांचा सर्वांत मोठा दोष लांबीचा होता. ब्रिटिश रेल्वेच्या १९५१ पासूनच्या मार्क १ जातीच्या मोठ्या डब्याचे अंग ६४ फूट ६ इंच लांब. ४ मिमी प्रमाणात ते २५८ मिमी भरते. ट्राय-अँगचे डबे मात्र दीर्घकाळ सुमारे ९ इंचांचे, म्हणजे २२९ मिमीचे होते. युरोपातील २६.४ मीटरचा डबा १:८७ प्रमाणात ३०३ मिमी व्हायला हवा, पण तो कित्येक वर्षे लांबीपुरता १:१०० करून २६४ मिमीचा विकला गेला आणि नंतर १:९३.५ प्रमाणाने २८२ मिमीचा झाला. यामागचे गणित सोपे आहे. मेर्कलिनच्या नेहमीच्या लहान वळणाची त्रिज्या ३६० मिमी. त्यावर पूर्ण लांबीचा डबा उभा केला, तर त्याच्या दोन बोगींमधले, म्हणजे चाकांच्या दोन चौकटींमधले, अंतर सुमारे २१८ मिमी असल्याने डब्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून जवळजवळ १७ मिमी आत सरकतो. रुळांचे गेजच १६.५ मिमी आहे, हे ध्यानात घेतले की शेजारच्या रुळावरची गाडी त्याला का घासेल हे कळते. ज्या घरात वळण जेवणाच्या टेबलावर बसवायचे, तिथे आखूड डबा हा शहाणपणाचाच निर्णय होता.

ज्यांच्याकडे मोठ्या वळणांना जागा होती, त्यांनी करवत उचलली. दोन एकसारखे डबे घ्यायचे, एकाचा कमी भाग आणि दुसऱ्याचा अधिक भाग ठेवून कापायचे आणि जोडून एक लांब डबा करायचा, ही रीत त्यातून आली. कापण्याची रेषा कुठे घ्यायची यातच सारे कौशल्य असते. सपाट भिंतीच्या मधोमध कापले तर सांधा कितीही घासला तरी रंगाखालून उमटतो; दरवाजाच्या उभ्या फटीवर किंवा पट्टीच्या कडेला कापले तर तो आपोआप लपतो. टपावर मात्र अशी फट नसते, म्हणून अनुभवी मंडळी टपाचा सांधा भिंतीच्या सांध्यापासून दूर नेतात, आतून प्लास्टिकची पट्टी चिकटवून त्याला आधार देतात आणि द्रावक पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, त्याला पॉलिश पेपर लावत नाहीत. ट्राय-अँगचा उंचवट्याच्या टपाचा जुन्या घाटाचा डबा या कामासाठी विशेष आवडता ठरला. त्याच्या भिंतीवर दरवाजे आणि कप्पे नियमित अंतराने येत असल्यामुळे त्यांची पुनर्रचना करून कारखान्याने कधीच न काढलेले कितीतरी प्रकार तयार करता येत. १९५९ ते १९६२ या थोड्या काळात किटमास्टर या नावाने प्रमाणानुसार पूर्ण लांबीच्या मार्क १ डब्यांचे जोडणी-संच मिळत होते, त्यांतले भागही पुढे अनेक तयार डब्यांच्या अंगी लागले. हाच काळ सुट्या भागांच्या लहान व्यवसायांना बळ देणारा ठरला. पांढऱ्या धातूचे झरोके, तारेच्या कड्या, कागदी घडीचे जोडमार्ग (एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा) आणि पुढे आम्लाने कोरलेल्या पितळी भिंती असे साहित्य त्यांनी पुरवले. कारखान्याच्या डब्याच्या भिंती कापून काढायच्या आणि टप, टोके व सांगाडा तसाच ठेवून पितळी भिंती लावायच्या, ही त्यातली सर्वांत धाडसी पायरी.

खिडकीचा प्रश्न लांबीइतकाच जुना आहे आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचा, कारण लांबीतली चूक जाणकाराला दिसते, पण खिडकीतली चूक सर्वांना दिसते. साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या भिंतीला साधारण एक मिलीमीटर जाडी लागते. १:७६ प्रमाणात ती ७६ मिमी होते, म्हणजे पोलादी पत्र्याच्या डब्याला किल्ल्याच्या तटासारखी भिंत लाभते. आतून पारदर्शक पट्टी चिकटवली की प्रत्येक काच कोनाड्यात बसल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात मात्र ती पत्र्याच्या जवळजवळ समतलात असते. कारखान्यांनी यावर उपाय म्हणून काचेच्या भागाला पुढे आलेले उंचवटे दिले. खिडकी बाहेर आली खरी, पण जाड प्लास्टिकच्या कडा लोलकासारख्या प्रकाश वाकवू लागल्या आणि तिरके पाहिले की आतली आसने वेडीवाकडी दिसू लागली. हौशी कारागीर आधी प्रत्येक खिडकीसाठी पातळ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कापून, गोल कोपरे कानशीने जुळवून, तो भोकात अलगद दाबून बसवत. एका डब्याच्या खिडक्यांना अनेक संध्याकाळी लागत. मग उष्णता आणि निर्वात यांच्या साहाय्याने घडवलेल्या पातळ तयार काचा आल्या आणि पुढे लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या काचा आल्या, ज्यांच्या कडा सरळ व स्वच्छ असतात. अशा काचा बसवताना चिकटवण्यासाठी साधा सायनोॲक्रिलेट वापरला तर त्याच्या वाफेने काच धुरकट होते. म्हणून जाणते लोक सुकल्यावर पारदर्शक होणारे पाण्याचे वार्निश कडेने सोडतात.

दोन डब्यांमधली पोकळी हा त्यानंतरचा विषय. खऱ्या गाडीत जोडमार्ग एकमेकांना भिडलेले असतात. खेळण्यात मात्र वळणावर बफर, म्हणजे डब्याच्या टोकांचे धक्का झेलणारे खुंट, अडकू नयेत म्हणून ठळक फट सोडावी लागे. सरळ रुळावर डबे जवळ ठेवणारी आणि वळणावर आपोआप लांबणारी सरकती जोडणी १९७० च्या दशकात जर्मन निर्मात्यांनी पुढे आणली, आणि तिच्यासाठीचा खाचा युरोपच्या एनईएम या मॉडेल रेल्वे मानकांत आल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या अदलाबदलीने बसवता येऊ लागल्या. अमेरिकेत कॅडी कंपनीच्या चुंबकाने सुटणाऱ्या जोडणीने हीच जागा व्यापली. डब्याच्या वजनाबाबत अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने दिलेले सूत्र आजही उपयोगी पडते : एचओ डब्यासाठी १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे १० इंचांच्या डब्याला ६ औंस, अर्थात सुमारे १७० ग्रॅम.

दिव्यांची कथा तंत्रज्ञानाने दोनदा बदलली. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब टपाखाली लावत. ते तापत आणि प्लास्टिकचा टप मऊ करत, शिवाय रुळांवरचा विजेचा दाब गतीनुसार बदलत असल्याने गाडी स्थानकात थांबली की, म्हणजे दिवे सर्वांत जास्त हवेत तेव्हाच, ते विझत. १९९० च्या दशकात डिजिटल नियंत्रणाची मानके आल्यावर रुळांवर वीज कायम राहू लागली, आणि त्याच दशकात पांढरे एलईडी निघाले. चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या, एक रेक्टिफायर, एक रोध आणि चाकाखाली धूळ आली तरी दिवा लुकलुकू नये म्हणून एक कपॅसिटर, एवढ्यात काम होऊ लागले. दिवे लागताच आतला भाग उघडा पडला आणि आसनांना रंग देणे, मेजांवर कापड दाखवणे, प्रवासी बसवणे ही कामे ओघानेच वाढली. बसलेल्या प्रवाशांचे पाय कापून त्यांना आसनांत नीट बसवण्याची युक्ती तेव्हापासून सर्वत्र वापरात आहे.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतर बरेच उत्पादन चीनमध्ये गेले. हाताने जोडण्याचे काम स्वस्त झाल्यामुळे वेगळ्या बसवलेल्या कड्या, समतल काचा, रंगीत आसने आणि पेटणारे मेजावरचे दिवे कारखान्यातूनच येऊ लागले. ज्या गोष्टींसाठी आधीच्या पिढीने महिने घालवले, त्या खोक्यातच मिळू लागल्या. नवा डबा कापायला हात धजावत नाही, हे खरे आहे आणि त्यात थोडी हानीही आहे. पण जुने डबे टेबलावरच राहिले. त्रिमितीय छपाईने त्यांच्यासाठी आसने, टपावरील यंत्रे आणि बोगींच्या बाजू करून देता येतात, आणि ज्या प्रकाराला पुरेसे गिऱ्हाईक नसल्याने कोणतीही कंपनी साचा करणार नाही, तो आजही जुन्या डब्यातूनच निघतो.

आता लक्ष एकेका डब्यावरून पूर्ण गाडीवर सरकले आहे. खऱ्या गाडीत कारखान्यातून नुकताच रंगून आलेला डबा आणि काजळीने टप काळवंडलेला डबा शेजारी शेजारी असतात. म्हणून सर्वांवर एकच करडा थर फवारण्याऐवजी टप, भिंती आणि खालचा सांगाडा यांना वेगवेगळे मळवले जाते, क्रमांक बदलले जातात आणि निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या दशकांतले डबे एका माळेत आणले जातात. त्यासाठी बफरची उंची आधी तपासावी लागते : ब्रिटिश डब्याला ती रुळापासून साधारण १४ मिमी हवी. जुन्या डब्याची उंची कमी भरली तर बोगीच्या खिळ्यावर एक पातळ वॉशर चढवतात, जास्त भरली तर टेकणारा भाग किंचित घासतात, आणि रंगाचा ब्रश त्यानंतरच हातात घेतात.