कोकणकड्यावरील प्रस्तरारोहण : परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या आरोहणासाठी एकाच कार्यालयाची परवानगी पुरेशी आहे, असे समजून अनेक संघ अर्ज करतात आणि तिथेच फसतात. कड्याचा माथा अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तर आरोहण जिथून सुरू होते ते बेलपाडा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात येते. त्यामुळे माथ्यासाठी वन्यजीव विभागाकडे आणि पायथ्यासाठी तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे असे दोन स्वतंत्र अर्ज करावेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेश देण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत पर्यटन आहे. आरोहणाचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून उद्देश पर्यटन असा लिहून त्याखाली आरोहणाचा मार्ग, दिवस, मुक्कामाची जागा आणि कातळात नवे बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कायमचे बसवायचे धातूचे खिळे) ठोकणार की नाही, हे स्पष्ट लिहावे. बोल्टची गोष्ट लपवू नका. ती नंतर उघड झाली, तर पुढच्या संघांचीही वाट बंद होते.

सर्वांत जास्त अडवणूक वनकक्ष क्रमांकावरून, म्हणजे वनखात्याने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेल्या क्रमांकावरून होते. मी पाहिलेल्या एका अर्जावर स्थळ म्हणून फक्त गडाचे नाव होते. लाल शाईचा शेरा घेऊन तो तीन आठवड्यांनी परत आला, तोवर हंगाम संपत आला होता. हा क्रमांक अर्जदाराकडे असणार कुठून? तो वनरक्षकाला विचारून आधीच मिळवावा आणि मार्गाच्या नकाशावर लिहावा. ओळखपत्रे, वैद्यकीय दाखले, नेत्याच्या गिर्यारोहण प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि साहित्याची यादी नेहमीप्रमाणे जोडावी.

शुल्क घेऊन मोहीम नेणाऱ्यांना राज्याच्या ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी म्हणजे जागेची परवानगी नव्हे. प्रमाणपत्र हातात असूनही संघांना वनखात्याच्या तपासणी नाक्यावरून माघारी फिरावे लागते.

बचाव आराखडा केवळ औपचारिकता म्हणून भरू नये. पावसाळ्यानंतर कातळाचे सुटे तुकडे निसटतात, जुने पेग (कातळाच्या फटीत ठोकलेल्या धातूच्या मेखा) आतून गंजलेले असतात आणि कड्यावर आग्या मोहोळ असू शकते. मोहोळ उठले, तर दोरावरच्या माणसाला पळता येत नाही; म्हणून आदल्या दिवशी दुर्बिणीने पूर्ण मार्ग पाहावा आणि पोळे दिसल्यास मार्ग बदलावा. परवानगीची एक प्रत पायथ्याच्या सहकाऱ्याकडे आणि एक बेलपाड्याच्या पोलीस पाटलांकडे ठेवावी.