कागदांसकट टिकलेली हेराल्ड

अमळनेरला आमच्या नानांकडे दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड ही मोटार आहे. १९६४ ची, नवी घेतलेली आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्याच नावावर. खरेदीची पावती, आरसी बुक, कामांच्या नोंदींच्या वह्या, सगळे जागच्या जागी आहे. अशा गाड्या खानदेशातून कधीच भंगारात गेल्या. ही का राहिली, याचे उत्तर बरेचसे तिच्या घडणीत आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी १९५० च्या दशकात अडचणीत सापडली होती. तिला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या प्रतिस्पर्ध्यानेच घेतली. अख्खी बॉडी एकसंध घडवून देणारे दुसरे कोणी हाताशी नव्हते. तेव्हा मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांनी खाली स्वतंत्र चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, ठेवली आणि वरची बॉडी वेगवेगळ्या भागांत करवून घेऊन बोल्टांनी जोडायची असे ठरवले. तिला रूप दिले तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. मडगार्डांसकट अख्खे बॉनेट पुढे उलटते आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाके सगळे हाताशी येते. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होते, आणि वळायला जेमतेम २५ फूट जागा. हीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. हेराल्डच्या पुढच्या चाकांचे उभे दांडे लोटस या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीनेही आपल्या गाड्यांना लावले. त्यामुळे हेराल्डला नुसती घरगुती गाडी म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडे ती मद्रासमार्गे आली. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ९४८ सीसीचे इंजिन घालून ती बनवली आणि ट्रायम्फऐवजी स्टँडर्ड हे नाव लावले. परदेशी गाडी आणणे तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि शोरूममध्ये ॲम्बेसेडर, फियाट आणि ही, एवढीच काय ती निवड. गाडी चालवण्याची हौस असलेल्या धुळ्या-जळगावच्या वकील-डॉक्टरांसाठी त्यातल्या त्यात स्पोर्ट्स कार म्हणजे हेराल्डच.

तिचा मागचा एक्सल मात्र अनेकांना झेपला नाही. आडव्या पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) टेकलेले दोन अर्धे दांडे मधल्या डिफरन्शियलपासून, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यापासून, हलतात. कन्नड घाटासारख्या वळणात वेगात शिरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू उचलली जाते आणि बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात ॲक्सिलरेटरवर पाय दाबलेला ठेवायचा, ही तिची रीत. पण मेकॅनिक आणि मालक दोघांचीही कुरकुर राहिली. मद्रासच्या कंपनीने आधी चार दारांची आवृत्ती काढली आणि १९७२ मध्ये गॅझेल ही तिची पुढची गाडी आणताना मागे सरळ एकसंध एक्सलच बसवला.

गाड्या मोडीत निघाल्या त्या मात्र बऱ्याचदा एका लहानशा गोष्टीपायी. पुढच्या चाकाच्या उभ्या पोलादी दांड्याचे खालचे टोक आट्यांचे असते आणि ते पितळी तुकड्यात फिरते. स्टिअरिंग वळले की हे आटे फिरतात. त्यांना गिअर ऑइल लागते, घट्ट ग्रीस नव्हे. गॅरेजमध्ये इतर गाड्यांसारखीच इथेही ग्रीस गन लावली जाई. ग्रीस आट्यांत खोलवर पोचत नाही, तिथे पाणी साचते, गंज धरतो आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवे होते. नानांच्या वहीत दर काही पानांनी निळ्या शाईत तेच वाक्य येते: ‘पुढे दोन्ही बाजूंस तेल. ग्रीस नको.’ एका गॅरेजवाल्याने न विचारता ग्रीस भरले, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजू खोलून धुऊन घेतल्याची नोंदही आहे. माझ्या मते गाडी वाचली ती या एका वाक्यामुळे. मुंबईच्या दमट हवेत चासीच्या कडेचे आधार कुजतात, तो त्रास इथल्या कोरड्या हवेत कमी. उन्हाळ्यात मात्र पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडते आणि त्यावर ओले फडके टाकून थांबावे लागते.

सुट्या भागांची चिंता वाटते तेवढी नाही. स्पिटफायरचे चाहते जगभर आहेत, म्हणून पुढच्या सस्पेंशनचे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. खरी किंमत आता कागदांना आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, व्यापारासाठी न वापरलेली आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क पडते आणि राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवणे एकेकाळी सर्रास चाले. त्या गाड्यांना हे दार बंद आहे. नानांच्या आरसी बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतल्या इंजिनावर कोरलेला नंबर आजही एकच आहे.