गोंदावर उभी राहणारी भिंत

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या परिसरात गाडीमागे जोडून न्यायची फिरती घरं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, मोठ्या संख्येनं बनतात. त्यांतल्या अनेकांच्या भिंती जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जाड असतात. बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे प्लायवूड, मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेला थर्माकोल आणि आतून पुन्हा प्लायवूड. पत्रा किंवा प्लायवूड सुटं हातात घेतलं तर सहज वाकतं. सगळं चिकटवलं, की तीच भिंत हायवेवरचे हादरे वर्षानुवर्षं सोसते.

भिंत वाकू लागली की एका बाजूचा थर ताणला जातो, दुसरीकडचा दाबला जातो. मधला थर्माकोल त्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही, पण गोंद धरून असेल तोवरच.

म्हणून गोंदाची निवड फार महत्त्वाची. गणपतीचं मखर करणाऱ्यांना ठाऊक असतं, की रबर सोल्युशन लावलं तर थर्माकोल विरघळतो. त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीन खातं. इथे बहुधा द्रावक नसलेलं पॉलियुरेथेन वापरतात. ते घट्ट झाल्यावरही किंचित लवचीक राहतं, आणि ते गरजेचंच आहे: तापमान 40 अंशांनी वाढलं तर 6 मीटर लांब ॲल्युमिनियम सुमारे साडेपाच मिलिमीटरनं वाढतं.

थर दाबण्याच्या दोन रीती आहेत. एकीत गोंद लावलेली भिंत रोलरांमधून काढतात. दाब क्षणभरच मिळतो. दुसरी मला फार सुंदर वाटते. भिंतीवर हवाबंद चादर पसरून आतली हवा पंपानं ओढून घेतात, आणि दाबायचं काम बाहेरचं वातावरण करतं. समुद्रसपाटीला हा दाब चौरस मीटरमागे 10 टनांपर्यंत जाऊ शकतो. तो सगळीकडे सारखा पडतो आणि गोंद धरेपर्यंत ठेवता येतो. अर्थात ॲल्युमिनियमवर तेल किंवा धूळ राहिली, तर कुठलीच रीत वाचवत नाही.

यातल्या काही पॉलियुरेथेनला घट्ट व्हायला बाष्प लागतं. त्यासाठी कारखान्यात पाण्याचा बारीक फवाराही मारतात. पुढे मात्र खिडकीच्या सांध्यातून झिरपलेलं पाणीच घात करतं. प्लायवूड फुगतं, कुजतं, थर सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याला फुगवटे येतात. त्यामुळे काही कंपन्यांनी प्लायवूडऐवजी पॉलिप्रॉपिलीन आणि काचतंतूंचा ॲझडेल नावाचा पत्रा घेतला.

जुना ट्रेलर घेताना कोपऱ्यावर उभं राहून तिरप्या उजेडात भिंतीवरून नजर फिरवावी, खिडक्यांच्या खाली हातानं दाबून पाहावं. पाणी नंतर वाळलं तरी सुटलेला थर आपोआप पुन्हा चिकटत नाही.