साखर-कुकी सजावट (कोल्हापूर)

साखर-कुकी सजावट : मैदा, लोणी व पिठीसाखर यांच्या सपाट कुकीवर वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाने नक्षी, अक्षरे किंवा चित्रे काढण्याची घरगुती कला. कोल्हापूर शहरात बारसे, उष्टावण, बोरन्हाण, पहिला वाढदिवस, मुंज, डोहाळजेवण अशा प्रसंगी पाहुण्यांना वाटायच्या खाऊसाठी तिचा वापर होतो. कुकी आणि तिच्यावरचा लेप या दोन्ही गोष्टी पाश्चात्त्य स्वयंपाकातून आल्या. साखरेतून शोभा उभी करण्याची हौस मात्र इथल्या घरांत फार आधीपासून होती.

साध्या साखर-कुकीच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत तिचे श्रेय परंपरेने पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावाच्या जर्मनभाषक मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) वसाहतकारांना दिले जाते आणि काळ अठराव्या शतकाच्या मध्याचा सांगितला जातो. परंतु लोणी, साखर व पीठ यांची ‘जंबल’ नावाची, गाठीच्या किंवा कड्याच्या आकाराची बिस्किटे इंग्लंडमध्ये त्याआधी शतकभर तरी माहीत होती, आणि दक्षिण जर्मनीत लाकडी साच्यांनी चित्रे उठवलेली ‘स्प्रिंगरले’ बिस्किटे सणावारी होत असत. त्यामुळे एका गावाला शोधाचा मान देण्यापेक्षा, युरोपातील जुन्या बिस्किटांना वसाहतींमध्ये साधे व घरगुती रूप मिळाले असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लेपाची कथा वेगळी. अंड्याचा पांढरा बलक, साखर व गुलाबपाणी यांचा लेप केकवर देण्याच्या कृती सतराव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत आढळतात. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये छापलेल्या लग्नाच्या केकच्या कृतीत बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा लेप अशी आजच्यासारखी रचना दिसते. या लेपाचे ‘रॉयल आयसिंग’ हे नाव व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधील विवाहाशी जोडण्याचा प्रघात आहे. त्या विवाहाने या लेपाला प्रतिष्ठा दिली हे मान्य करता येते. लेप मात्र त्याहून जुना आहे.

कोल्हापुरात ही कला कोणत्या वाटेने रुजली याचा विचार करताना एका दुव्याची आठवण होते. रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. अमेरिकन कुकी त्या मार्गाने इथे आली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु शहराच्या बिस्किट-परंपरेचा धागा बेकरीच्या भट्टीकडे अधिक सरळ जातो. नानकटाईचे मूळ बहुतेक लेखक सुरतेच्या डच वखारीशी संबंधित बेकऱ्यांत शोधतात. पश्चिम किनाऱ्यावरून ती देशावर पसरली असे मानले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे कोल्हापुरातही दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरचे पीठ, तूप व साखर घेऊन बेकरीत जायचे, तिथे बिस्किटे किंवा नानकटाई पाडून, भट्टीत भाजून, पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा, ही रीत मुरलेली आहे. पीठ आपले, भट्टी त्यांची, भाजणावळ किलोवर. घरात ओव्हन नसतानाही ‘घरचे बिस्किट’ ही कल्पना त्यामुळे कुटुंबांना परिचित होती. सजवलेली साखर-कुकी ढोबळमानाने २०१० नंतरच्या दशकात, घरगुती विजेचे ओव्हन व इंटरनेटवरील चित्रफिती यांच्या जोडीने आली, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर भाजकामाला मिळालेल्या वेळेमुळे तिचा प्रसार वाढला, असे धरता येते.

सजावटीची बाजू पाहिली तर पूर्वज इथलेच सापडतात. पहिला, हलव्याचे दागिने. खसखस, तीळ किंवा साबुदाणा मंद आचेच्या परातीत हलवत ठेवून त्यावर थेंबाथेंबाने पाक सोडत दाण्यावर काटा आणतात आणि तो हलवा दोऱ्यात ओवून किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून मुकुट, बाजूबंद, हार, बासरी तयार करतात. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला, आणि पुढेही साधारण पाच वर्षांपर्यंत, काळे झबले व हे दागिने घालून त्याला बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांनी न्हाऊ घालतात. दुसरा, गाठी : लाकडी साच्यांत दोरा ठेवून वर साखरेचा पाक ओतला की पदकांची माळ तयार होते, ती पाडव्याला गुढीला बांधतात व लहान मुलांच्या गळ्यात घालतात. तिसरा, रुखवत. लग्नात मांडायच्या या शिदोरीत लाडू, चिरोटे, कुरडया यांच्यावर रंग व नक्षी चढवून पालखी, तुळशीवृंदावन, गुळसाखरेची घरे उभी केली जातात. कुटुंबातील बायकांनी मिळून बसून, पाहुण्यांच्या नजरेसाठी, खाण्याच्या वस्तूवर कष्ट घ्यायचे, हे तिन्हींचे सूत्र साखर-कुकीतही जसेच्या तसे आहे. म्हणून हिला केवळ उसनी हौस म्हणून बाजूला टाकणे योग्य नाही.

कुकीचे पीठ सजावटीसाठी निराळे बांधावे लागते, आणि नेहमीची नानकटाई इथे चालत नाही, याचे कारण तुपात आहे. लोण्यात (बटरमध्ये) सुमारे ८० टक्के स्निग्धांश व साधारण १६ टक्के पाणी असते. तुपात पाणी जवळजवळ नसते. तूप-साखर-मैद्याला बांधून ठेवणारा ओलावा नसल्याने नानकटाई भाजताना पसरते, आणि सोडा किंवा बेकिंग पावडरमुळे तिच्या पाठीला भेगा पडतात. त्या भेगा हेच नानकटाईचे सौंदर्य. पण त्यांवर रेघ सरळ उमटत नाही. साखर-कुकीत लोणी व पिठीसाखर जेमतेम एकजीव होतील इतकेच फेसतात, कारण जास्त हवा शिरली तर कुकी फुगून कडा गोल होतात. फुगवणारा घटक अगदी कमी घालतात किंवा गाळतात. पीठ ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे लाटून, आकार कापून, भाजण्यापूर्वी फ्रिजमध्ये घट्ट होऊ देतात. थंड लोणी उशिरा वितळते, तोवर मैद्यातील स्टार्च व प्रथिने आकार धरू लागतात. भाजणी १७० ते १८० अंश सेल्सिअसला ८ ते १२ मिनिटे. कडा तांबूस होण्याआधी काढायच्या. घरगुती लोणी वापरायचे झाल्यास त्यातील ताक पूर्ण धुऊन काढावे लागते, नाहीतर पाण्याचे प्रमाण दर खेपेला बदलते.

लेप हा या कलेचा खरा गाभा आहे. सर्वसाधारण प्रमाण ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला तीन मोठे चमचे मेरिंग पावडर (वाळवलेल्या पांढऱ्या बलकाची पूड) व ७५ ते ९० मिलिलिटर पाणी असे असते. सामान्य तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे ८० मिलिलिटर पाण्यात १६० ग्रॅमच्या आसपास. उरलेली जवळजवळ ३०० ग्रॅम साखर अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तशीच तरंगत राहते. पांढऱ्या बलकातील प्रथिने फेटताना उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती पडदा धरतात आणि पाणी उडून गेले की साखरेचे कण एकमेकांना चिकटून खडूसारखा मऊसर चमकेचा, कडक थर बनतो. भांड्याला तेलाचा अंश राहिला तर प्रथिनांचा पडदा फुटतो व लेप उभा राहत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या भांड्यापेक्षा स्टील किंवा काच बरी. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च असतो. घरी मिक्सरवर दळलेली साखर वस्त्रगाळ केली तरी कण जाड राहतात आणि लेप पिळायच्या कोनाचे बारीक तोंड (नोझल) तुंबते.

बाह्यरेषेसाठी लेप घट्ट, आतला भाग भरण्यासाठी सैल करतात. सैलपणाची परीक्षा सोपी आहे : सुरीने लेपात ओढलेली चीर १५ ते २० सेकंदांत मिटली तर तो भरायला योग्य. त्याहून लवकर मिटली तर लेप काठाबाहेर ओघळतो, उशिरा मिटली तर पृष्ठभागावर लाटा राहतात. टूथपिकने कोपरे भरायचे, बुडबुडे फोडायचे आणि ताबडतोब पंख्याखाली ठेवायचे. लहान जागेत भरलेला लेप सावकाश वाळला तर मधोमध खचून खळगा पडतो. पंख्याच्या वाऱ्याने वरची साय लवकर धरते व खळगा टळतो. पूर्ण वाळायला आठ ते बारा तास लागतात. ओल्या पांढऱ्या थराशेजारी गडद लाल भरला तर रंग पाझरतो, म्हणून लाल-काळे शेवटी.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी दोन पर्याय आहेत. एक, दूध व द्रव ग्लुकोज यांचा चकचकीत लेप. तो दिसतो छान, पण पूर्ण कडक होत नाही, त्यामुळे थरावर थर देऊन नक्षी उचलता येत नाही. दुसरा, काबुली चणे शिजवलेले पाणी. २०१४ मध्ये फ्रान्सचे जोएल रोसेल यांनी या पाण्याचा पांढऱ्या बलकासारखा फेस होतो हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी ते पाणी जगभर ‘ॲक्वाफाबा’ नावाने ओळखले जाऊ लागले. बोरन्हाणासारख्या धार्मिक प्रसंगी हा दुसरा पर्याय अधिक उपयोगाचा आहे.

कोल्हापूर म्हटले की गूळ आलाच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेमुळे गुळाचा व्यापार शहरात एकवटला, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुकीच्या पिठात साखरेऐवजी किसलेला गूळ घालता येतो. रंग तांबूस येतो, स्वादही खोल होतो. लेपात मात्र गूळ चालत नाही. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. हे मिश्रण शुद्ध साखरेपेक्षा कमी आर्द्रतेतच हवेतील पाणी ओढू लागते, शिवाय स्फटिक नीट जमू देत नाही. शुद्ध साखरेलाही मर्यादा आहेच : २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की ती पाझरू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा ही मर्यादा वारंवार ओलांडते. रात्री वाळलेली कुकी सकाळी चिकट लागते ती त्यामुळेच. हलव्यावर काटा संक्रांतीच्या कोरड्या थंडीत येतो आणि पावसाळ्यात येत नाही, हे इथल्या बायकांचे जुने निरीक्षण आहे. रॉयल आयसिंगलाही तोच ऋतू मानवतो. पावसाळ्यातील बारशासाठी लेप पातळ थरांत देऊन, ओव्हनचा फक्त दिवा लावून आत कुकी वाळवतात व लगेच हवाबंद डब्यात भरतात.

आकृत्यांत पाळणा, कुंची, वाळे, खुळखुळा, दुपटे व बाळाची पावले सर्वत्र आढळतात. कोल्हापूरची म्हणावी अशी आकृती कोल्हापुरी साजाची, म्हणजे गळ्यातल्या पारंपरिक दागिन्याची. डोहाळजेवणासाठी गोल कुकीवर आधी साजाचा अर्धवर्तुळ घेर फिक्या रेषेने आखतात, त्यावर पिवळ्यात किंचित तपकिरी मिसळून आणलेल्या सोनेरी लेपाचे जवमणी (जवाच्या आकाराचे मणी) ओळीने टिपतात, आणि मग पानड्या, म्हणजे साजातली नक्षीदार पदके. मासा, कासव, कमळ अशा पानड्या नखाएवढ्या जागेत काढायच्या असल्याने कोनाचे तोंड सुईएवढे कापतात. एक पानडी वाळल्याशिवाय शेजारची काढायची नाही, हा नियम मोडला की दोन्ही एकमेकींत मिसळतात. मेंदीचा कोन धरणारा हात या कामाला पटकन सरावतो. फेटा, चप्पल, तांबड्या मातीवरची गदा याही आकृत्या वाढदिवसाला काढतात.

वाटपाची रीत साधी : नावाची एकेक कुकी पारदर्शक पिशवीत, ओटीच्या किंवा हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर. ज्याच्यासाठी समारंभ त्या बाळाला मात्र ती देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, आणि वाळलेल्या लेपाचे मणी घशात अडकू शकतात. अंड्याचा कच्चा पांढरा बलक लहान मुलांच्या खाऊत टाळावा. त्यातून साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाचा धोका असतो, मेरिंग पावडर मात्र निर्जंतुक केलेली असते. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे व बहुतेक पदार्थांत त्यांचे प्रमाण किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा दंडक आहे. गडद लाल किंवा काळा रंग आणण्यासाठी ही मर्यादा सहज ओलांडली जाते; म्हणून लालासाठी बिटाची पूड, काळ्यासाठी कोको पावडरीत रंगाचा थेंब, असा मार्ग काढतात. बिटाचा लाल उन्हात लवकर उडतो, तेव्हा अशा कुकी खिडकीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात ठेवाव्या लागतात.